जोडीदार अचानक गेल्यावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हृदयविकाराचा झटका, मेंदूतला रक्तस्राव, अपघात, आत्महत्या. सकाळी बोललेलं माणूस संध्याकाळी नसतं. मागे राहिलेल्यांकडून आणि त्यांच्या जवळच्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला पहिल्या दिवसांचे प्रश्न आहेत, अवघड प्रश्न पुढे आहेत. सगळं एका बैठकीत वाचायची गरज नाही. आत्ता या क्षणी जीव द्यावासा वाटत असेल, तर थेट प्रश्न १२ वर जा.

१. मला रडूच येत नाही. काही वाटतच नाही. माझ्यात काही बिघडलंय का?

नाही. आजारपणात घरातल्यांना दिवसेंदिवस थोडी थोडी कल्पना येत जाते. अचानक मृत्यूत तेवढा अवधी मिळत नाही. बातमी क्षणात कळते, पण वर्षानुवर्षांच्या सवयींना ती कळायला महिने लागतात. म्हणून दाराशी चाहूल लागली की 'आले' असं वाटतं, दोन ताटं काढली जातात, काही घडलं की सांगायला हात फोनकडे जातो. आणि दर वेळी नव्याने कळतं की ते नाहीत. हे फार थकवणारं आहे, पण मनात ते असंच, हप्त्याहप्त्याने उतरतं.

बधिरपणा काही तास टिकतो, कधी काही आठवडे. त्या काळात तुम्ही शांतपणे सगळी कामं उरकाल आणि लोक 'किती खंबीर' म्हणतील. मग सगळे पांगल्यावर, महिन्या-दीड महिन्याने, कोसळल्यासारखं होईल. त्याने घाबरून जाऊ नका, बधिरपणा ओसरला की असं होतं. आणि रडण्यावरून प्रेम मोजू नका. काही माणसं मुळातच कमी रडतात.

२. पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं?

एका विश्वासू माणसाला 'निरोप्या' नेमा. फोन उचलणं, बातमी कळवणं, भेटायला येणाऱ्यांच्या वेळा ठरवणं हे त्याचं काम. तीच हकिगत दिवसातून वीस वेळा सांगावी लागली तर माणूस पिळून निघतो.

भूक लागेल याची वाट पाहू नका. दर तीन-चार तासांनी चार घास आणि पाणी, घड्याळ लावून. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, फिट्स यांची तुमची स्वतःची औषधं चालू असतील तर ती द्यायची जबाबदारी दुसऱ्या कुणावर सोपवा. पहिल्या आठवड्यात औषधं सर्रास चुकतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. गाडी चालवू नका. रात्री घरात कुणीतरी असू द्या, बोलत बसायची गरज नाही, शेजारच्या खोलीत असलं तरी पुरे.

कागदांपैकी दोनच गोष्टी आता बघायच्या. मृत्यूच्या दाखल्याच्या पुरेशा प्रमाणित प्रती एकदमच मागून घ्या, कारण बँक, विमा, नोकरीचं ठिकाण, प्रत्येकाला वेगळी लागते. आणि न वाचता कशावरही सही करू नका. 'फक्त औपचारिकता आहे' असं कुणी म्हटलं तर कागद ठेवून घ्या आणि दोन दिवसांनी बघतो म्हणा.

३. वाचलेलं लक्षात राहत नाही, गॅस चालू राहतो, चाव्या सापडत नाहीत. मला विसरण्याचा आजार होतोय का?

झोप नाही, पोटात अन्न नाही आणि मन एकाच ठिकाणी अडकलेलं. अशा स्थितीत लक्ष विखुरतंच. बहुतेकांचं ते काही महिन्यांत सावरतं. तोवर एकच वही करा. कुणाशी फोनवर काय बोलणं झालं, कोणता कागद कुठे दिला, तारखेसकट त्यात लिहा. सुट्ट्या चिठ्ठ्या नकोत, त्या हमखास हरवतात. दिवसाला एकच सरकारी किंवा बँकेचं काम ठेवा आणि त्याला जाताना सोबत कुणाला तरी न्या, म्हणजे ऐकायला चार कान होतात. गॅस आणि दारासाठी रात्री झोपण्यापूर्वी एकदा फेरी मारायची सवय लावा.

४. छातीत दुखतं, श्वास अडकतो, घशात गोळा येतो. हे मनाचं आहे की हृदयाचं?

घरी बसून ते ठरवता येत नाही, आणि ठरवायला जाऊही नका. छातीत दाब किंवा कळ, हाताकडे वा जबड्याकडे जाणारी वेदना, घाम, धाप यांपैकी काहीही असेल तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जवळचं माणूस गमावल्यावर पहिल्या २४ तासांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता एरवीच्या २१ पट आणि पहिल्या आठवड्यात साधारण सहापट आढळली होती. निरोगी माणसासाठी ही शक्यता मुळातच अगदी लहान असते, त्यामुळे पटीत वाढूनही ती लहानच राहते. पण ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे, त्यांनी हे मनावर घ्यावं.

याशिवाय 'ताकोत्सुबो' नावाचा एक विकार आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याला हे नाव दिलं. तीव्र धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा तात्पुरता फुगतो आणि त्याचा आकार तिथल्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून ते नाव. लक्षणं झटक्यासारखीच असतात. पाळी गेलेल्या स्त्रियांत तो जास्त दिसतो. वेळीच उपचार मिळाले तर बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं.

तपासणीत काही निघालं नाही तर उरतात त्या दुःखाच्या लाटा. मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी १९४४ मध्येच त्यांचं अचूक वर्णन केलं होतं: घसा आवळणं, उसासे, पोटात पोकळी, अंगातलं त्राण जाणं, आणि एकेक लाट २० मिनिटांपासून तासाभरापर्यंत. लाट ओसरते हे माहीत असणं खूप उपयोगी पडतं. ती आली की बसा, पावलं जमिनीवर टेकवा आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या.

५. झोपच लागत नाही. गोळी घेऊ का?

डॉक्टरांनी दिली तर थोड्या रात्रींसाठी, तेवढ्यापुरती. बेन्झोडायझेपाइन गटातल्या गोळ्यांनी झोप येते, पण दुःख हलकं होत नाही. रोज घेत राहिलं तर काही आठवड्यांत शरीराला सवय लागते आणि सोडताना झोप आणखी बिघडते. तेव्हा एक-दोन आठवड्यांपुरत्याच मागा आणि साठा घरात ठेवू नका (का ते प्रश्न १२ मध्ये आहे). दुसऱ्या कुणाच्या गोळ्या घेऊ नका. दारूने डोळा लागतो, पण पहाटे तीनला जाग येते आणि ती वेळ सगळ्यात वाईट असते.

उठायची वेळ रोज एकच ठेवा, झोप लागली असो वा नसो. अंथरुणात वीसेक मिनिटं तळमळत काढली तर उठून दुसऱ्या खोलीत बसा. पलंगाची रिकामी बाजू सोसवत नसेल तर त्या बाजूला तुम्ही झोपा, किंवा खोलीच बदला. त्यात प्रतारणा कसली?

६. 'तासभर आधी दवाखान्यात नेलं असतं तर' हा विचार डोक्यातून जात नाही.

अचानक मृत्यूनंतर सर्वाधिक छळणारा प्रश्न हाच. 'उगाच स्वतःला दोष देऊ नकोस' असं सांगून तो जात नाही, कारण मनाला समजूत नको असते, उत्तर हवं असतं. म्हणून उत्तर मिळवा. उपचार केलेल्या डॉक्टरांची खास वेळ मागा, शवविच्छेदन झालं असेल तर अहवाल घेऊन जा. प्रश्न लिहून न्या: नेमकं काय झालं? शुद्ध किती वेळात हरपली? वेदना झाल्या असतील का? आधी आणलं असतं तर फरक पडला असता का? वही प्रश्न ३ मधलीच, आणि सोबतही तशीच. अहवालातली भाषा कोरडी आणि अंगावर येणारी असते, तो एकट्याने रात्री उघडू नका.

मग एका कागदावर दोन रकाने करा. एकात, त्या दिवशी त्या क्षणी मला काय माहीत होतं. दुसऱ्यात, आज मला काय माहीत आहे. सकाळी 'जरा ॲसिडिटी वाटतेय' म्हणणाऱ्या माणसाबद्दल तेव्हा तेवढंच माहीत होतं. आपण दुसऱ्या रकान्यातल्या माहितीवरून पहिल्या रकान्यातल्या माणसाला दोषी ठरवत असतो.

एक अपवाद आहे आणि तो टाळून चालणार नाही. कधी खरोखरच चूक झालेली असते: गाडी तुम्ही चालवत होता, वेग जास्त होता. तिथे 'तुझी काही चूक नाही' हे खोटं आश्वासन माणसाला आणखी एकटं पाडतं. हे ओझं समुपदेशकासमोर, खरं तसं, बोलूनच पेलता येतं.

७. तेच दृश्य डोळ्यांसमोर येत राहतं. मीच त्यांना पाहिलं होतं.

हे दुःखापेक्षा वेगळं आहे: हा आघात आहे, आणि दोन्ही एकत्र असली तर आघाताकडे आधी बघावं लागतं. चांगली आठवण काढायला गेलं तरी मधे तेच दृश्य येतं, त्यामुळे शोकालाही वाट मिळत नाही. दृश्य आलं की डोळे उघडे ठेवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, आजची तारीख उच्चारा. महिन्याभरानंतरही ते येत असेल, स्वप्नं पडत असतील, ती जागा किंवा तो रस्ता टाळला जात असेल, तर आघातावर उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ शोधा. आघातकेंद्री वर्तनोपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणी हाताळण्याची पद्धत) या दोन पद्धतींना चांगला आधार आहे. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं तपशीलवार वदवून घेतल्याने मात्र फायदा होत नाही. कुणी आग्रह केला तर नाही म्हणा.

उलटा प्रश्नही येतो: अपघातानंतर शेवटचं पाहू दिलं नाही, आता रुखरुख लागते. ज्यांना अजून ठरवायचं आहे त्यांनी, आधी पाहून आलेल्या कुणाकडून काय दिसेल ते ऐकावं आणि मग स्वतः ठरवावं. फक्त हात पाहता येतो, हातात घेता येतो. ज्यांची वेळ निघून गेली, त्यांनी त्या वेळी हजर असलेल्या परिचारिकेशी किंवा मदतनीसाशी बोलावं. मन जे चित्र रंगवतं, ते बहुतेक वेळा खऱ्याहून भीषण असतं.

८. मला त्यांचा आवाज येतो, खोलीत असल्यासारखं वाटतं. वेड लागतंय का?

नाही. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी १९७१ मध्ये २९३ विधवा-विधुरांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. जवळजवळ निम्म्यांना असे अनुभव आले होते आणि अनेकांना त्यातून दिलासाच मिळाला होता. बहुतेकांनी तोवर ते कुणाला सांगितलंही नव्हतं. त्यांच्याशी मनात किंवा मोठ्याने बोलणंही ठीक आहे. आवाज तुम्हाला हुकूम देत असेल, स्वतःला इजा करायला सांगत असेल किंवा इतरांबद्दल भीती घालत असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

९. दुःखाचे पाच टप्पे असतात ना? मी कोणत्या टप्प्यावर आहे? परवा मी हसलो आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

पाच टप्प्यांची (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मांडणी मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये केली, ती स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ती नंतर चिकटली. तुम्ही त्या क्रमाने जात नसाल तर काही चुकलेलं नाही.

आम्हाला जास्त उपयोगी वाटते ती मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांची १९९९ मधली मांडणी. त्यांच्या मते शोकात माणूस दोन काठांमध्ये ये-जा करतो. एका काठावर दुःख: आठवणी, रडणं, फोटो. दुसऱ्या काठावर चालू आयुष्य: बिलं, मुलांची शाळा, नवीन कामं शिकणं, आणि हसणंसुद्धा. एकाच काठावर अडकून पडलं की त्रास वाढतो. दिवसभर कामात बुडून फोटोकडे न पाहणाऱ्याने रोज अर्धा तास दुःखासाठी ठेवावा. दिवसभर रडणाऱ्याने रोज एक छोटं काम पुरं करावं. तुमचं परवाचं हसणं हे दुसऱ्या काठावर जाऊन येणं होतं.

१०. मुलांना काय सांगू?

लवकर, तुम्ही स्वतः, आणि 'मेले' हा शब्द वापरून. 'झोपले' म्हटलं तर मूल झोपायला घाबरतं, 'लांब गेले' म्हटलं तर वाट पाहतं. 'बाबांचं हृदय अचानक बंद पडलं. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण ते पुन्हा सुरू झालं नाही. बाबा मेले. ते परत येऊ शकत नाहीत.' एवढं पुरे. मग थांबा आणि प्रश्न येऊ द्या.

पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना मृत्यू कायमचा असतो हे नीट उमगत नाही, म्हणून तोच प्रश्न रोज येईल आणि रोज तेच उत्तर द्यावं लागेल. त्यांच्या मनात तीन गोष्टी हमखास असतात, विचारोत वा न विचारोत: माझ्यामुळे झालं का? तूही मरशील का? माझं कोण करणार? तिन्हींची उत्तरं आपणहून द्या. मुलं दहा मिनिटं रडून खेळायला जातात, ते त्यांचं वय आहे. किशोरवयीन मुलावर 'आता तूच घरातला कर्ता' हे ओझं टाकू नका, इतरांनाही टाकू देऊ नका. शाळेत वर्गशिक्षकांना कळवा.

११. त्यांच्या वस्तू, कपडे, फोन यांचं काय करू? लोक म्हणतात आवरून टाक.

घाई फक्त डिजिटल गोष्टींची करा आणि तीही जपून ठेवण्याची. त्यांचा मोबाइल क्रमांक निदान वर्षभर चालू ठेवा, बँकांचे आणि खात्यांचे ओटीपी त्यावरच येतात आणि तो बंद केल्याने कामं महिनोन् महिने अडकतात. आवाजातले निरोप, फोटो, गप्पा दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा. फोन नव्यासारखा करून कुणाला देण्यापूर्वी हे झालंय का ते स्वतः तपासा. पुसलेला आवाज परत मिळत नाही.

कपड्यांना मुदत नाही. एखादा न धुतलेला सदरा किंवा ओढणी हवाबंद पिशवीत ठेवली तर वास बराच काळ टिकतो. तयार झालात की तीन ढीग करा: ठेवायचं, द्यायचं, आत्ता ठरवता येत नाही. तिसरा ढीग मोठा होईल, होऊ द्या. खोकं बंद करून सहा महिन्यांनी उघडा. तुमच्या नकळत कुणी आवराआवर करणार असेल तर स्पष्ट मनाई करा. मदतीच्या भावनेने केलेली ही गोष्ट लोकांच्या मनात वर्षानुवर्षं सलत राहते.

१२. मला जगावंसं वाटत नाही.

'सकाळी जागच येऊ नये', 'त्यांच्याकडे जावं' हे विचार पुष्कळांना येतात. ते कुणाला तरी सांगा, मनात ठेवू नका. कसं, कधी, कुठे हे मनात ठरू लागलं असेल, तयारी केली असेल, निरोपाचं लिहिलं असेल, तर ही तातडीची वेळ आहे. आत्ता एका माणसाला फोन करा आणि 'मला एकटं सोडू नकोस' एवढंच म्हणा. तुमच्या भागातली आत्महत्या प्रतिबंध मदतवाहिनी, आपत्कालीन क्रमांक किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग, यांपैकी जे लवकर गाठता येईल ते गाठा.

सोबतच्यांनी थेट विचारावं: 'जीव द्यायचा विचार येतोय का?' विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही. गोळ्या, कीटकनाशक, शस्त्र घराबाहेर न्या. गेलेल्या माणसाची उरलेली औषधंसुद्धा. टोकाची ऊर्मी पुष्कळदा थोड्याच वेळात ओसरते. त्या वेळात साधन हाताशी नसणं, याने जीव वाचतात.

१३. जोडीदाराने आत्महत्या केली. मी लोकांना काय सांगू?

एक वाक्य ठरवून ठेवा: 'त्यांनी आत्महत्या केली, त्याबद्दल मला आत्ता बोलायचं नाही.' तपशील सांगायला तुम्ही कुणाला बांधील नाही. मुलांना मात्र त्यांच्या वयाला झेपेल तेवढं, पण खरंच सांगा, नाहीतर ते बाहेरून कळतं आणि मग विश्वास दोनदा तुटतो. पद्धतीचं वर्णन नको. 'त्यांच्या मनाला आजार झाला होता आणि त्यांनी स्वतःचा जीव घेतला' एवढं लहान मुलालाही समजतं. 'का' याचं पूर्ण उत्तर बहुधा मिळत नाही, चिठ्ठीतही नसतं. राग, लाज, अपराधी भाव एकाच तासात येऊन जातात. याच अनुभवातून गेलेल्या जोडीदारांचा आधारगट इथे विशेष उपयोगी पडतो, आणि प्रश्न १२ तुमच्यासाठीही आहे.

१४. आमचं पटत नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटतं, आणि तरी रडू येतं.

दोन्ही खरं आहे. मारहाण, व्यसन किंवा फसवणूक असलेल्या नात्यात सुटका वाटणं स्वाभाविक आहे. सुधारण्याची शक्यताही त्यांच्याबरोबर गेली, त्याचं रडू वेगळं. मृत्यूनंतर कर्ज किंवा दुसरं नातं उघड झालं तर राग आणि शोक एकमेकांत गुंततात. न पाठवायचं पत्र लिहा, त्यात गोड काही लिहायची सक्ती नाही. लग्न झालेलं नसेल, घटस्फोट चालू असेल किंवा नातं लपलेलं असेल, तर दुःख करण्याचा हक्कच लोक मान्य करत नाहीत. १९८९ मध्ये शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी या नाकारलेल्या शोकाची मांडणी केली. निदान एका माणसाला तरी पूर्ण खरं सांगा.

१५. घर विकून मुलांकडे जाऊ का? विम्याचे पैसे कुठे ठेवू?

ज्या निर्णयाला मुदत नाही तो सहा महिने ते वर्षभर पुढे ढकला. विम्याची रक्कम साध्या, सुरक्षित, हवी तेव्हा काढता येईल अशा ठेवीत ठेवा. पहिल्या महिन्यांत गुंतवणुकीचे सल्ले आणि उसन्याच्या मागण्या खूप येतात. 'वर्षभर मी पैशांचं काहीच ठरवणार नाही' हे एकच उत्तर सगळ्यांना द्या. विमा-दावे, निवृत्तिवेतन, कर, हप्ते यांना मुदत असते, ती वहीत लिहा. भाडं परवडतच नसेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही, पण तेव्हाही आधी तात्पुरती सोय बघा.

१६. वर्ष झालं. अजून तसंच आहे. किती दिवस चालतं हे?

ठरावीक मुदत नाही. दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा जड गेल्याचं पुष्कळ जण सांगतात, कारण बधिरपणा संपलेला असतो आणि विचारपूस करणारेही. वाढदिवस, लग्नाचा दिवस, मृत्यूची तारीख यांच्या आधीचे आठ-दहा दिवस प्रत्यक्ष दिवसापेक्षा वाईट असू शकतात, त्या दिवसाचं काहीतरी आधीच ठरवून ठेवा. लाटा येत राहतील. बघायचं असतं ते दोन लाटांमधलं अंतर वाढतंय का.

अंतर वाढतच नसेल तर 'प्रदीर्घ शोक विकार' आहे का हे तपासावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत त्यासाठी किमान सहा महिने, तर डीएसएम या मनोविकारांच्या अमेरिकी पुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी बारा महिने धरले आहेत. जवळजवळ रोज तीव्र ओढ किंवा त्यांचाच ध्यास, शिवाय स्वतःचाच एक भाग मेल्यासारखं वाटणं, अजूनही विश्वास न बसणं, आठवणी टाळणं, जगण्यात अर्थ न वाटणं, अशा लक्षणांनी रोजचं जगणं अडलेलं असणं, ही त्याची खूण. अचानक आणि हिंसक मृत्यूनंतर हे जास्त आढळतं. यावर खास उपचार आहे: मनोविकारतज्ज्ञ कॅथरीन शीअर यांनी विकसित केलेली, साधारण १६ बैठकांची पद्धत. नैराश्यविरोधी गोळ्या सोबतच्या नैराश्यावर काम करतात, पण या ओढीवर एकट्या पुरत नाहीत. म्हणून 'गोळ्या घेऊनही फरक नाही' याचा अर्थ उपायच नाही असा काढू नका.

१७. मला दुसरं कुणीतरी आवडू लागलंय. हे फार लवकर आहे का?

महिन्यांवरून हे ठरत नाही. स्पर्शाची, सोबतीची भूक शोकातही असते, कधी वाढतेही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. स्वतःला विचारा: या माणसासमोर मी गेलेल्याचं नाव सहज घेऊ शकतो का? आणि एकट्याने काढलेल्या रात्री मला आता झेपतात का? दोन्हींना 'नाही' असेल तर भेटत राहा, पण एकत्र राहायचं किंवा लग्नाचं थोडं थांबवा (प्रश्न १५ इथेही लागू). मुलांना इतरांकडून कळण्याआधी तुम्ही सांगा. 'ती आईची जागा घेणार नाही' हे वाक्य त्यांना एकदा नाही, अनेकदा ऐकावं लागतं.

१८. माझ्या मैत्रिणीचा नवरा गेला. मी काय करू?

'काही लागलं तर सांग' म्हणू नका, ती सांगणार नाही. 'मंगळवारी पाच वाजता मुलांना मी घेऊन जाते' असं नेमकं म्हणा. 'देवाला आवडले', 'निदान त्रास तरी झाला नाही', 'अजून तरुण आहेस' ही वाक्यं टाळा. त्याचं नाव घ्या. तो विषय काढल्याने तिला आठवण होईल अशी भीती नको, ती विसरलेलीच नाही. तुमच्या कॅलेंडरमध्ये तीन महिने, सहा महिने, त्याचा वाढदिवस आणि मृत्यूची तारीख आत्ताच टाकून ठेवा. त्या दिवशी दोन ओळींचा निरोप पाठवा आणि शेवटी लिहा, 'उत्तर द्यायची गरज नाही.'